माकूल कोणाचं

बाबा,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली होती. माकुलाची, मी आता वर्गात ज्याला स्क्विड म्हणते त्याची, बरणी मी कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात, शिंपल्यांशेजारी नेऊन ठेवली म्हणून तुम्ही माझ्यावर ओरडलात, असं मी लिहिलं होतं. तुम्ही ओरडलात हे खरं आहे. बाकीचं चूक आहे. ते पत्र मी पाठवलं नव्हतं, पाठवायला पत्ताच नाही, त्यामुळे कुणाचं काही बिघडलेलं नाही. तरी लिहिलेलं चुकीचं राहू नये असं मला वाटतं. मी कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. गॅस बंद केला का हे बघायला मी अजूनही अर्ध्या जिन्यावरून परत येते.

तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते. आता मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवते. आई आणि मी उमेळ्याला फ्लॅटमध्ये राहतो. पाचूबंदरच्या, कोळीवाड्यातल्या आपल्या घरात आत्या एकटी आहे आणि ओटीवर तुमचं काचेचं कपाट आहे, तुम्ही ठेवलं होतं त्याच भिंतीला. आता घराचे पत्रे बदलायचे आहेत. नारळी पौर्णिमेनंतर माणसं येणार, त्याआधी ओटी रिकामी करून द्यायची आहे. कपाट आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवायला मुख्याध्यापिका बाईंनी दोन वर्षांपूर्वीच होकार दिला होता. दर काही महिन्यांनी त्या विचारतात, "त्या कपाटाचं काय झालं?" आणि मी म्हणते, "बघते बाई." दरम्यान बरण्यांतले जीव टिकवणारं औषध उडून चाललं आहे. वाम माशाची शेपटी औषधाच्या वर उघडी पडली होती, समुद्रसापाचं एक वेटोळं सुकत आलं होतं. आणखी एक उन्हाळा असाच गेला असता तर तुमच्या निम्म्या बरण्या टाकून द्याव्या लागल्या असत्या. मला ते दिसत होतं, आणि तरी माझा हात कपाटाला लागत नव्हता.

का लागत नव्हता ते सांगायचं तर मला आपल्या सकाळच्या शाळेपासून सुरुवात करावी लागेल. दम्यामुळे मला उशिरा शाळेत घातलं. तोवर माझी शाळा म्हणजे ओटी, आणि मास्तर तुम्ही. तुमची खरी शाळा भरायच्या आधी तुम्ही मला शिकवायचा. काका बोटीवरून आला की जाळ्यात आलेलं नको ते सगळं एका टोपलीत बाजूला काढून ठेवायचा, आणि ती टोपली म्हणजे आपलं पाठ्यपुस्तक. तुम्ही एकेक जीव उचलून माझ्यासमोर धरायचात आणि विचारायचात, "हे कोणाचं?" हे काय आहे, असं तुम्ही कधीच विचारलं नाहीत. पाचूबंदरला नवीन पोर दिसलं की म्हाताऱ्या बायका विचारतात तसंच विचारायचात. तिथे नाव कुणी विचारत नाही. कोणाची गो तू, असं विचारतात, मग बापाचं नाव, मग आज्याचं, आणि असं वर वर जात दोघींचं कुठेतरी एक माणूस सामाईक निघालं की त्या खूश होतात. तसंच तुम्ही मला खेकड्याला विचारायला लावायचात. पाय मोज, सांधे बघ, पाठीवरचं कवच बघ, आणि सांग, हा कोणाचा? मी म्हणायची, कोळंबीचा. तुम्ही विचारायचात, "भाऊ की चुलतभाऊ?" मी म्हणायची, चुलत. त्यावर तुम्ही चहाचा घोट घ्यायचात. तुमची शाबासकी तेवढीच असायची.

होडीच्या तळाला चिकटणाऱ्या त्या टोकेरी पांढऱ्या खवल्यांचा दिवस मला स्पष्ट आठवतो. पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या होत्या, काका खाली वाकून तळ खरवडत होता, आणि तुम्ही त्यातला एक तुकडा मला आणून दिलात. मी लगेच म्हटलं, हे कालवाचं, कारण दोन्ही टणक आणि दोन्ही चिकटलेली. तुम्ही तो तुकडा समुद्राच्या पाण्यात, वाटीत ठेवलात. बऱ्याच वेळाने त्याचं तोंड उघडलं आणि आतून पिसासारखे बारीक पाय बाहेर येऊन पाणी ओढायला लागले. "पाय कोणाचे?" तुम्ही विचारलंत. ते कोळंबीचे पाय होते. डोकं खाली चिकटवून, पाय वर करून आयुष्य काढणारी कोळंबी. घरून पळालेला आणि दुसऱ्याच गावात दुकान टाकून बसलेला नातेवाईक असावा तसं मला ते वाटलं.

तरीही कपाट तुम्ही नात्याने लावलं नव्हतंत. वरच्या कप्प्यात पोहणारे, दुसऱ्यात कवचवाले, तिसऱ्यात पायवाले, आणि सगळ्यात खाली, तुमच्या अक्षरात, "उरलेले". वरच्या कप्प्यात पापलेट, मुशी, वाम, समुद्रसाप आणि माकूल सगळे शेजारी शेजारी. उरलेल्यांमध्ये तारामासा आणि जेलीफिश. बरण्या तुम्ही आणि आईने बाजारातून एकाच वेळी घेतल्या होत्या, अर्ध्या लोणच्यासाठी आणि अर्ध्या तुमच्यासाठी, आणि तुमच्या अर्ध्या हळूहळू पाऊण झाल्या याबद्दल आई बोलायची. ते आता महत्त्वाचं ठरलं आहे, म्हणून लिहिते.

त्या दिवसाची माझी आठवण अशी होती. आदल्या सकाळी तुम्ही माकूल चिरून दाखवलं होतंत. आतून ती लांब पारदर्शक पट्टी ओढून काढलीत, माझ्या तळहातावर ठेवलीत आणि म्हणालात, "हे याचं कवच. बाहेर होतं, ते आत गेलं." मग एक शिवली, ती खायची छोटी शिंपली, उघडून आतला मऊ जीव दाखवलात. तुम्ही प्रश्न विचारलाच नाहीत, शाळेची वेळ झाली होती. मी दिवसभर त्यावर विचार केला. दुसऱ्या दिवशी कपाट उघडं होतं, मी माकुलाची बरणी उचलली आणि शिवल्यांशेजारी ठेवली. यापुढे मला फक्त तुमचा आवाज आठवतो. "कुणी सांगितलं होतं हात लावायला? जिथली वस्तू तिथे राहू दे. पुन्हा या बरण्यांना हात लावशील तर बघ." तुम्ही धरलेला माझा दंड आठवतो. तुम्ही कधी ओरडायचा नाहीत, म्हणून तो आवाज माझ्या अंगात राहिला. त्यानंतर आपल्या सकाळी चालू राहिल्या, टोपली येत राहिली, पण मी कपाटाच्या बाजूला बसले नाही. मी कपाटाकडे पाठ करून बसायची.

कॉलेजमध्ये आम्हाला शिकवलं की सजीवांचे गट आता वंशावरून करतात. कुठे राहतो, कसा दिसतो, पोहतो की चालतो हे सगळं बाजूला ठेवायचं. शेवटचा सामाईक पूर्वज कोण, एवढंच विचारायचं, आणि त्या पूर्वजाची सगळी पोरंबाळं एका गटात घ्यायची, एकालाही बाहेर न ठेवता. सर म्हणाले, "या हिशोबाने मासे नावाचा गटच उरत नाही. पापलेट हे मुशीपेक्षा, म्हणजे शार्कपेक्षा, तुम्हाला जवळचं आहे." वर्ग हसला. मग त्यांनी जुनी पद्धत फळ्यावर काढली, पोहणारे, कवचवाले, पायवाले, आणि त्यावर खडूने काट मारली. त्यांना काय माहीत. मला मात्र वाटलं की भर वर्गात तुम्हाला उभं केलं आहे आणि मी तुमची बाजू न घेता वहीत उतरवून घेते आहे.

तेव्हापासून माझा गुंता असा होता. कपाट आहे तसं शाळेत नेलं तर मुलं त्यातून चुकीचं शिकणार. समुद्रसाप वामेचा भाऊ आहे असं समजणार, आणि ते माझ्याच्याने बघवणार नाही. आणि कपाट वंशाप्रमाणे लावलं तर तुम्ही स्वतःच्या हाताने लावलेली, जगात उरलेली एकुलती एक गोष्ट मी मोडणार, तीही तुम्ही स्पष्ट नाही म्हटलेलं असताना. आईला विचारलं तर ती म्हणाली, "तुझ्या मनाला येईल तसं कर." मनाला काहीच येत नव्हतं. म्हणून मी दोन्ही केलं नाही, आणि औषध उडत राहिलं.

गेल्या रविवारी मी पाचूबंदरला गेले ते फक्त कपाटाची मापं घ्यायला. आत्या बाजारातून नुकतीच आली होती. पावसात ती सुकी मासळी घेऊन बसते. श्रावणात कोण घेतं, असं मी विचारलं तर म्हणाली, "सांडोरच्या किरिस्ताव बाया येतात की. त्यांना कुठला श्रावन." पाय पसरून ती ओटीवर बसली आणि मी टेप घेऊन काचेबाहेरून वाकून बघत होते ते बराच वेळ बघत राहिली.

"काय गो, बाहेरूनच काय बघतेस? आत वाघ हाय का?"

मी म्हटलं, "बाबांनी हात लावू नको म्हणून सांगितलं होतं."

"कवा?"

"लहानपणी. मी माकुलाची बरणी हलवली तेव्हा."

"हलवली?" आत्याने डोक्यावरचा पदर काढून त्याने तोंड पुसलं, आणि मला दिसलं की ती हसते आहे. "कुठं नेऊन ठेवलीस ते आठवतं का तुला?"

"दुसऱ्या कप्प्यात. शिंपल्यांशेजारी."

"कपाटात कशाला ठेवतेस तू. सयपाकघरात नेऊन ठेवलीस. तुज्या आईनं शिवल्यांचं लोनचं घातलेलं, त्याच्या बाजूला, अगदी खेटून. दोन्ही बरन्या सारख्याच. मी सकालची भाकरी घेऊन बसलेली, लोनच्यासाठी हात घातला फलीवर, तर बरनीतून दोन डोले माज्याकडं बघतात."

मी टेप खाली ठेवला. आत्या आता मोकळेपणी हसत होती.

"मी जी ओरडले, तुजा बाप शाळेचे कपडे घालून निघालेला, तो आला धावत. बरनी बघून पांढराफटक पडला. ते औषध इखारी ना, आनि झाकन सैल. तुला दंडाला धरून मोरीवर नेलं, साबनानं हात धुतले, परत धुतले. तू रडतेस, तुजी आई बोलते, बरनीभर लोनचं फेकायला लागलं म्हनून. मी भाकरी नुस्ती खाल्ली."

"आणि माकूल?"

"ते त्यानंच नेऊन ठेवलं दुसऱ्या कप्प्यात. आधी वर होतं, मुशीच्या बाजूला. शाळेतून आला तो कपडे न बदलता पहिलं तेच केलं. मला म्हनतो, पोरीनं नातं बरोबर लावलं बघ, जागा तेवढी भलती निवडली. आनि मग गेला बंदरावर, जो भेटेल त्याला सांगतोय. माजी पोर अशी, माज्या पोरीनं असं. तुजा काका म्हनाला, याचं डोकं फिरलं, घरात इख सांडलं आनि हा पेढे वाटतो."

"मला कुणीच सांगितलं नाही," मी म्हटलं.

"तुला काय सांगायचं? तू कपाटाकडं फिरकलीसच नाय त्यानंतर. मी म्हटलं त्याला, जाऊन समजाव तिला. तर म्हनतो, येईल आपसूक."

मी उठून कपाटासमोर उभी राहिले. माकूल दुसऱ्या कप्प्यात होतं. ते कायमच तिथे होतं, आणि ते तिथे दिसत होतं म्हणूनच माझ्या आठवणीने ठरवून टाकलं की तिथे मी ठेवलं. एवढी वर्षं मी त्या काचेतून बघितलं आणि एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. तिथे ठेवल्याबद्दल तुम्ही रागावला असतात, तर ती बरणी तुम्ही परत वर ठेवली असती. त्या कप्प्यात बाकी सगळ्यांचं कवच बाहेर आहे. एकट्या माकुलाचं आत, आणि माकूल तुम्ही तुमच्याच पाटीच्या विरुद्ध तिथे ठेवलंत. कपाट बदलायला तुम्हीच सुरुवात केली होती. काचेतून बघताना माझी नजर ती बरणी अनेकदा ओलांडून पुढे गेली होती.

पण मी मीच आहे, त्यामुळे घरी येऊन आईलाही विचारलं. एकाच माणसाच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नये हे तुमचंच. आई डाळ निवडत होती. म्हणाली, "हो, फेकलं ना लोणचं. कोळंबीचं होतं."

बाबा, मला जेवण गेलं नाही. कोळंबीचं असेल तर मी काहीच बरोबर लावलं नव्हतं. मग मी फक्त एक विषारी बरणी उचलून खाण्याच्या वस्तूंत ठेवणारं लहान मूल होते, आणि बाकीचं आत्याने मायेपोटी जोडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतता ओतता आई आपणहून म्हणाली, "शिवल्यांचंच गं. मी कुठे शिवल्या घालते लोणच्यात, तुझ्या आत्याने हौसेने आणून दिल्या, तेवढंच मेलं एकदा. पुन्हा घातलं नाही." मग कप माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "चांगलं झालं होतं." त्यात मला जो सुटल्यासारखा श्वास आला तो दम्याच्या दिवसांत पंपानंतर यायचा तसा होता. कपाटात तेव्हा शिवल्यांचे नुसते शिंपले होते, एका डब्याच्या झाकणात. आतला मऊ जीव, जो तुम्ही मला दाखवला होता, तो घरात फक्त लोणच्यात होता. सहा-सात वर्षांच्या मुलीने त्याला शोधत तिथे जावं यात मला आता काही गैर दिसत नाही.

मग कालपासून मी मनातल्या मनात कपाट लावते आहे, आणि मला भीती वाटत नाही. होडीच्या तळाचं खवलं कोळंबीकडे जाईल, तुम्ही वाटीत दाखवलंत तसं. समुद्रसाप वामेला सोडून पालीच्या घरी जाईल. समुद्रात राहायला गेला म्हणून त्याचं घर बदलत नाही, जसे तुम्ही मास्तर झालात तरी पाचूबंदरला शेवटपर्यंत जाळं विणणाऱ्याचा मुलगाच राहिलात, आणि मी उमेळ्याच्या तिसऱ्या मजल्यावर राहते तरी त्या म्हाताऱ्या मला बरोबर ओळखतात. ज्यातून निघालो त्यातून बाहेर पडता येत नाही, हे मला कॉलेजात शिक्षेसारखं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. आणि "उरलेले" मधला तारामासा सगळ्यात वर येईल, पापलेटाच्या जवळ, कारण कोळंबी आणि माकूल यांच्यापेक्षा तो आपल्याला जवळचा आहे. हे मी आत्याला फोनवर सांगितलं, पापलेटाचंही सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे पुनव झाल्यावर खाऊ का नको?" मी म्हटलं, खा. "मग झालं तर," ती म्हणाली.

कप्प्यांच्या पाट्या मी नव्या लावीन. बरण्यांवरची तुमच्या अक्षरातली नावं तशीच राहतील, ती कुणीही बदललेली नाहीत. "उरलेले" ही पाटी मी स्वतःसाठी काढून घेणार आहे. शाळेतून औषध, हातमोजे आणि नवी झाकणं आणून ठेवली आहेत, टेंपोवाल्याशी बोलणं झालं आहे, आणि मुख्याध्यापिका बाईंना सांगितलं आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दोन वर्षं काय करत होते हे त्यांना विचारायचं होतं, पण त्यांनी विचारलं नाही.

हे पत्रही मागच्याबरोबर कपाटाच्या मापांच्या कागदाखाली राहील. फक्त एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. सगळ्या बरण्या हलवण्याआधी मी माकुलाची बरणी घेऊन स्वयंपाकघरात जाणार आहे. आत्याची लोणच्याची फळी अजून तिथेच आहे, आता माझ्या खांद्याच्या उंचीची. झाकण घट्ट आहे हे नीट बघून, मी ती क्षणभर तिथे ठेवून बघणार आहे, शेजारी कुठलंही लोणचं असो. मग उचलून आणीन, फळी पुसून काढीन आणि हात साबणाने धुवीन, परत धुवीन. येत्या रविवारी, तेवीस तारखेला, आत्या बाजारात गेली की.